मडगार्डवरचा फोड

लग्न महिन्यावर आलेलं असताना एका सकाळी बहगतने आपल्या गाडीच्या पुढच्या मडगार्डवर आलेल्या फोडावर सहज बोट दाबलं, आणि बोट आत गेलं. नुसतं गेलं असतं तरी हरकत नव्हती. ते परत बाहेर येईना. भर रस्त्यात, समोरच्या कहवाखान्यातल्या झाडून सगळ्या गिऱ्हाइकांच्या देखत बहगत स्वतःच्याच गाडीला बोटाने अडकून उभा राहिला.

"काय उस्ताज, नाडी बघताय की काय?" कहवाखान्यातून एकाने विचारलं.

"बघतोय," बहगत म्हणाला. "आहे अजून."

बोट सुटलं तेव्हा त्याच्याबरोबर तळहाताएवढा पत्रा खाली पडला. पत्रा कसला, तपकिरी पापुद्राच तो. रस्त्यावर पडल्या पडल्या त्याचा भुगा झाला. बहगतने आत डोकावून पाहिलं. आतून त्याला रस्ता दिसला.

अलेक्झांड्रियावाल्यांना समुद्राची हवा फुकट मिळते, असं कैरोच्या पाहुण्यांना वाटतं. ती फुकट नसते. बाल्कनीचे गज, दुकानांच्या पाट्या, पाण्याचे नळ आणि रस्त्यावर उभ्या असलेल्या गाड्या यांच्याकडून समुद्र आपलं येणं रोज थोडं थोडं वसूल करत असतो. बहगतची पिस्ता रंगाची गाडी तर समुद्रापासून दोन गल्ल्या आत वर्षानुवर्षं उघड्यावर उभी होती. तिला गंज चढला हे नवल नव्हतं. ती अजून चालत होती हे नवल होतं. जुनंपानं विकत घेणारा रोज गल्लीत आरोळी देत यायचा तेव्हा त्या गाडीपाशी त्याचा आवाज जरा प्रेमळ व्हायचा.

एरवी बहगतने त्या भोकावर चिकटपट्टी लावली असती आणि ट्रामच्या कचेरीत जाऊन आपली खुर्ची गाठली असती. त्याचा स्वभाव तसाच होता. पण आता तसं चालणार नव्हतं, कारण रनीमने घोळ करून ठेवला होता.

रनीम ही त्याची एकुलती एक मुलगी. तिच्या साखरपुड्याच्या दिवशी नवऱ्यामुलाच्या, म्हणजे बासिमच्या आईने सगळ्यांसमोर जाहीर केलं की वरातीसाठी त्यांनी एक लांबलचक पांढरी गाडी भाड्याने ठरवली आहे, आत गारवा आहे, सीटा चामड्याच्या आहेत. सगळे वा वा म्हणाले. तेव्हा रनीमने सरबताचा ग्लास खाली ठेवला आणि म्हणाली, "मी बाबांच्या गाडीतून जाणार."

आधी सगळे हसले. मग तिचा चेहरा पाहून गप्प झाले. तिच्या आईने, कौसरने, टेबलाखालून लाथ मारली. ती बहगतला लागली.

"अगं कशाला ते खटारं," बहगत तोंडाने म्हणाला. पण आतून तो पार विरघळून गेला होता.

कारण त्याच गाडीतून त्याने रनीमला शाळेत सोडलं होतं, पुढे कॉलेजात सोडलं होतं. ती शेजारच्या सीटवर बसायची, मांडीवर कागदात गुंडाळलेला फलाफलचा पाव, आणि सारा वेळ बडबड. घरात बोलायची पाळी कौसरची असे. बापलेकीचं जे काही बोलणं झालं ते सगळं गाडीत झालं. आता लग्न झालं की बासिम तिला कुवेतला घेऊन जाणार होता. जाण्याआधी एकदा, शेवटचं, तिला त्या गाडीत बसवून स्वतः चालवत न्यायचं, एवढी एकच इच्छा बहगतच्या मनात होती. ती त्याने कोणाला सांगितली नव्हती. कोणी विचारलंच नव्हतं.

म्हणून तो गाडी घेऊन वर्कशॉपच्या गल्लीत शहाताकडे गेला. उस्ता शहाता पत्र्याचा कारागीर; त्या शहरात हाताने राबणारा तो उस्ता आणि कचेरीत बसणारा तो उस्ताज. त्याने हातोडीच्या दांड्याने मडगार्डवर टकटक केलं, कान लावून ऐकलं, मग दारावर केलं, दाराखालच्या पट्टीवर केलं.

"फोडच आहे ना, उस्ता?" बहगतने विचारलं.

"ही गाडी पूर्वी कधी रंगवली होतीत?"

"छे. कंपनीचाच रंग आहे."

"मग त्या कंपनीला दुवा द्या, उस्ताज. इथे नुसता रंगच आहे. आत पत्रा नाही."

"म्हणजे गाडी कशावर उभी आहे?"

"सवयीवर," शहाता म्हणाला आणि त्याने कापायची मशीन सुरू केली.

मडगार्ड कापलं तेव्हा ते जिला जोडायचं ती कडही गेलेली निघाली. कड कापली तर तिच्यामागची दाराखालची पट्टी हातात आली. पट्टी काढली तर दार लोंबायला लागलं, आणि दार उतरवून उलटं केलं तर त्यातून समुद्राची मूठभर वाळू, केसांची एक पिन आणि दाराचं बूड असं सगळं एकदम खाली पडलं. बहगत रोज कचेरी सुटली की गाडी बघायला जायचा, आणि रोज गाडी आदल्या दिवसापेक्षा थोडी कमी झालेली असायची.

"उस्ता, आपण दुरुस्त करतोय ना?"

"गंज अर्धा ठेवून चालत नाही, उस्ताज. अर्धा ठेवला तर उरलेल्या अर्ध्याला बोलावून आणतो तो."

"पण कधी होईल?"

"उद्या, इन्शाल्लाह."

हे उत्तर बहगतला पाठ होतं. ट्रामच्या कचेरीत तोही लोकांना हेच उत्तर देत असे. खिडकीच्या पलीकडून ऐकताना ते कसं लागतं हे त्याला आत्ता कळलं.

"फोड फोडायला गेलास आणि पाय कापून आलास," कौसर घरी म्हणाली. "ती पांढरी गाडी आहे ना ठरवलेली? त्यात काय वाईट आहे? आत गारवा आहे."

"तुझ्या मुलीला सांग."

"तुझी मुलगी आहे ती. हट्ट करते तेव्हा तुझीच असते."

बहगतच्या अंगात त्राण नव्हतं. दिवसभर कचेरी, संध्याकाळी वर्कशॉप, रात्री पाहुण्यांच्या याद्यांवरून कटकट. त्याला वाटायचं, आपल्यालाच कोणीतरी उतरवून, उलटं करून, ठोकून बघावं. आत किती पत्रा उरलाय ते कळेल तरी.

शेवटी नवा पत्रा बसला, वेल्डिंग झालं, आणि रंगाची वेळ आली. रंगवायचं काम शहाताचं नव्हतं. ते शेजारच्या गाळ्यातल्या उस्ता बिशाराचं. अडचण एवढीच होती की शहाता आणि बिशारा कित्येक वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. भांडण कशावरून झालं ते दोघेही विसरले होते, पण न बोलणं मात्र दोघांनी निष्ठेने सांभाळलं होतं. एकाच गल्लीत हातभर अंतरावर उभे राहून ते गिऱ्हाइकामार्फत बोलत.

बिशाराने मडगार्डवरून तळहात फिरवला. "उस्ताज, त्याला सांगा, हा पत्रा सरळ नाही. खड्डे बुजवायला यात दोन किलो लांबी भरावी लागेल."

"उस्ताज, त्याला सांगा, पत्रा सरळ आहे, त्याचे डोळे तिरके आहेत."

"त्याला सांगा, डोळे तिरके असते तर त्याचं काम मला सरळ दिसलं असतं."

बहगत दोघांच्या मध्ये उभा होता. त्याने निरोप पोहोचवणंही सोडून दिलं. दोघांना ऐकू येतच होतं. त्याने फक्त मान एकदा इकडे आणि एकदा तिकडे हलवली, आणि तेवढ्यावर त्यांचं भागलं.

मग रंग जुळवायचा प्रश्न आला. बिशाराने पेट्रोलच्या झाकणाच्या आतला रंग नमुना म्हणून घेतला. तिथे कधी ऊन पोहोचलं नव्हतं, त्यामुळे तो अगदी अस्सल निघाला. त्या रंगाचं मडगार्ड तयार होऊन जाग्यावर बसलं तेव्हा त्याच्या मागची सगळी गाडी एकदम आजारी दिसायला लागली. इतकी वर्षं उन्हात उभी राहून ती केव्हाची फिकट वेलदोड्याच्या रंगावर आली होती, हे आजवर कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

कौसर एकदा बघायला आली. लांबूनच म्हणाली, "एक गाल लग्नाला निघालाय आणि दुसरा मयताला."

म्हणून दारही रंगवलं. दार रंगवल्यावर बॉनेट वाईट दिसायला लागलं. बॉनेट केल्यावर टप. टप केल्यावर डिकी एकटीच का रुसून राहील? असं करत करत, मुळात अंगठ्याएवढ्या असलेल्या फोडासाठी अख्खी गाडी नखशिखांत रंगली. मंगळवारी ती बहगतच्या ताब्यात आली, आणि लग्न गुरुवारचं होतं.

"सुकलाय," बिशारा म्हणाला, "पण मुरलेला नाही. आठवडाभर हिला हात लावायचा नाही. पुसायचं नाही. दारं हळू लावायची. कोणी कौतुक करायला आलं तर लांबून करू दे."

कौतुक लांबूनच झालं, पण फार झालं. गाडी गल्लीत शिरली तेव्हा कहवाखाना उठून उभा राहिला. लोकांनी सोंगट्या तशाच टाकल्या. कोणी म्हणालं नवरीपेक्षा गाडीच देखणी दिसतेय, कोणी म्हणालं ही ती गाडीच नव्हे, बहगतने लॉटरी लपवली. जुनंपानं घेणारा हातगाडी थांबवून बघत राहिला आणि आरोळी न देता पुढे गेला. महिन्याभरात पहिल्यांदाच बहगतला बरं वाटलं. तो चक्क हसला.

पण वरच्या बाल्कनीत खाला तफीदा बसली होती. खाला तफीदा ही कौसरची मावशी, लग्नासाठी तंता गावाहून आलेली. तिने सगळं कौतुक कान देऊन ऐकलं आणि तिचा जीव वरखाली झाला. एवढी माणसं बोलली, पण दृष्ट लागू नये म्हणून म्हणतात ते 'माशाल्लाह' एकाच्याही तोंडून निघालं नव्हतं.

"नजर लागणार," ती कौसरला म्हणाली. "गाडीला लागली तर लागली. आत पोरगी बसणार आहे."

बुधवारी बहगत कचेरीत गेला. लग्नाच्या जेवणासाठी आणलेला मेंढा सकाळी खाली अंगणात कापला गेला, आणि खाला तफीदाने बाह्या वर केल्या, दोन्ही तळवे रक्तात बुडवले आणि गाडीवर उमटवले. एक बॉनेटवर, आणि जिथे नवरानवरी बसणार त्या मागच्या दोन्ही दारांवर एकेक. नीट, दाबून, अल्लाचं नाव घेऊन. तिच्या माहेरी नव्या गाडीला असंच करत. तिच्याच काय, सगळ्यांच्याच माहेरी करत. आता मनात धास्ती राहिली नाही म्हणून ती दुपारी स्वस्थ झोपली.

बहगत परत आला तेव्हा त्याने आधी पाणी ओतलं. रक्त गेलं. हात राहिला. पाचही बोटं, हातावरच्या रेषांसकट, न मुरलेल्या पिस्त्यात खोल उमटली होती. ऑगस्टच्या उन्हाने त्यांना छान बसवलं होतं.

"खाला, हे काय केलंस?"

"आता नजर लागणार नाही, बाळा."

"लागायला उरलंय काय आता!"

बहगत फुटपाथवरच बसला. त्याला ओरडायचं होतं, पण ओरडायलाही माणसात थोडी ताकद उरावी लागते. थोड्या वेळाने उठून, गाडी सुरू करून, तो पुन्हा त्या गल्लीत गेला.

बिशारा बराच वेळ दाराकडे बघत राहिला. "कोणाचा हात?"

"बायकोच्या मावशीचा."

"भक्कम बाई आहे."

शेजारच्या गाळ्यातून शहाताने डोकं बाहेर काढलं. "उस्ताज, त्याला सांगा, माझा पत्रा बघ म्हणावं. एवढा दाब दिला तरी वाकला नाही."

बिशाराने घासून घासून ते हात काढले आणि बॉनेटवर, मागच्या दोन्ही दारांवर घाईघाईने रंगाचा जाड थर दिला. "उद्या संध्याकाळपर्यंत सुकेल?" बहगतने विचारलं. "वरून सुकेल," बिशारा म्हणाला. "कडांना वेळ लागतो. दार दाबून लावू नका म्हणजे झालं." बहगतने दोघांना दुसऱ्या दिवशीच्या लग्नाचं आमंत्रण दिलं. वेगवेगळं दिलं, पण दिलं. गाडी रात्रभर बिशाराच्याच गाळ्यात राहिली आणि सकाळी बहगतने ती हळूच घरी आणली.

गुरुवारी दुपारी बहगत ठेवणीतला सूट घालून आरशासमोर उभा होता. गाडीची किल्ली त्याने खिशात घातली, पुन्हा काढून बघितली, पुन्हा घातली.

"किल्ली दे इकडे," कौसर म्हणाली. "बासिमचा मित्र आलाय खाली. गाडी त्याला द्यायची आहे."

"त्याला कशाला? मी चालवणार."

"तू?" कौसरने हातातली टाचणी दातात धरली. "तू वरातीत कसा असशील? नवरीचा बाप हॉलच्या पायरीवर हवा. ती उतरली की तिचा हात धरायचा, वर आणायचं आणि नवऱ्याच्या हातात द्यायचं. जगात सगळे बाप असंच करतात. तू काय गाडी लावायला जागा शोधत फिरणार होतास?"

बहगत पलंगावर बसला. महिनाभरात त्याने पत्र्याचा विचार केला होता, रंगाचा केला होता, लांबीचा केला होता. हा एवढा साधा विचार त्याच्या डोक्यात एकदाही आला नव्हता. त्याला फार वाईट वाटलं. असं वाईट की त्यात राग नव्हता, नुसता थकवा होता. त्याने किल्ली पुढे केली.

"त्याला सांग, दुसरा गिअर जरा समजूत घालून टाकावा लागतो."

तेवढ्यात ब्यूटी पार्लरमधून रनीमचा फोन आला. "बाबा, गाडी झाली?"

"झाली, पोरी. बघशील तर ओळखणार नाहीस."

"तुम्हीच आणताय ना?"

"बासिमचा मित्र आणतोय. मला हॉलच्या पायरीवर उभं राहायचंय. तसंच करतात."

फोनवर नुसता हेअर ड्रायरचा आवाज येत राहिला. मग ती "बरं" म्हणाली.

ठरवलेली पांढरी गाडी रद्द करता आली नव्हती, म्हणून तीही आली. तिच्यातून बहगत, कौसर आणि खाला तफीदा हॉलवर गेले. सीटा खरोखर चामड्याच्या होत्या. गारवा एवढा होता की खाला तफीदाने बुरख्यावरून शाल घेतली. बहगत खिडकीतून समुद्राकडे बघत होता. आयुष्यात इतक्या आरामात आणि इतक्या खिन्नपणे तो कधी कुठे गेला नव्हता.

हॉलच्या पायऱ्यांवर ढोलवाले तयार होते. दुरून हॉर्न ऐकू आले, आणि वळणावरून पिस्ता गाडी आली. बॉनेटवर फुलं, आरशांना फिती, मागे चारपाच गाड्यांचा गोंगाट. गाडी थांबली. ढोल वाजले. बायकांनी जिभा हलवून आनंदाच्या किलकाऱ्या घातल्या. सगळे दार उघडायची वाट बघू लागले.

दार उघडलं नाही.

पार्लरच्या दारात बासिमच्या मित्राने हौसेने आधी नवरीचं आणि मग नवऱ्याचं दार धाडकन लावलं होतं. आत बासिम आपलं दार ढकलत होता, खांदा लावत होता. रंगाच्या जाड थराने उन्हात दाराची कड चौकटीला झकास चिकटवून टाकली होती. बाहेरून दोघातिघांनी हँडल धरलं.

"ओढू नका!" बहगत पायऱ्या उतरत ओरडला. "रंग निघेल!"

"काका, नवरा आत आहे!"

"तो निघेल! रंग पुन्हा बसणार नाही!"

शेवटी बासिम खिडकीतून निघाला. आधी डोकं, मग खांदे, मग बराच वेळ काहीच नाही, आणि मग सगळा बासिम एकदम. त्याच्या काळ्या सुटावर छातीपासून गुडघ्यापर्यंत पिस्ता रंगाचा पट्टा उमटला होता. त्याची आई किंचाळली. ढोलवाल्यांना वाटलं ही किलकारीच आहे. त्यांनी जोर वाढवला.

बहगत पलीकडच्या बाजूला धावला. काचेमागे रनीम बसली होती, पांढऱ्या झग्याच्या घेरात गळ्यापर्यंत बुडालेली. तिने त्याच्याकडे पाहून मान हलवली. "हेही नाही उघडत, बाबा."

बहगतने हँडल अलगद ओढून पाहिलं. उघडलं नाही. त्याने दुसऱ्यांदा ओढलं नाही. त्या गाडीबद्दल कोणी काहीही वाईट सांगितलं तरी पटकन विश्वास बसावा, एवढं तिने त्याला महिन्याभरात शिकवलं होतं.

"पुढच्या सीटवरून ये बाहेर," कौसर म्हणाली.

"मम्मा, या घेरात?"

मग सल्ले सुरू झाले. कोणी म्हणालं काच फोडा. स्वयंपाकघरातून एकजण मांस कापायची सुरी घेऊन आला आणि फटीतून फिरवतो म्हणाला. बहगत हात पसरून दारासमोर उभा राहिला. खाला तफीदा सगळ्यांना सांगत होती, हा हात पुसल्याचा परिणाम. बासिमची आई पोराला ओढत होती, कारण डाग ओला आहे तोवर पेट्रोलने पुसला तर निघतो असं तिला कोणीतरी सांगितलं होतं.

"वर्कशॉपला न्यायला हवी," रनीम खिडकीच्या फटीतून म्हणाली. तिचा आवाज शांत होता. "कारागीर उघडेल. बाबा नेतील. बाबांनाच गाडी समजते."

"मी येतो," बासिम म्हणाला.

"तू आधी सूट बघ. सगळ्या फोटोंत दिसेल तो."

ढोलवाले मागून चालायला लागले, त्यांनाही तिने हातानेच थांबवलं. बहगत पुढचं दार उघडून, जे खाला तफीदाच्या हातून वाचलं होतं, चाकामागे बसला. दुसरा गिअर त्याने समजूत घालून टाकला. गाडी समुद्राच्या रस्त्याला लागली.

बराच वेळ तो एकटाच बोलत होता. "माफ कर गं पोरी. एक फोड होता. चिकटपट्टी लावली असती तर आज तू हॉलमध्ये असतीस. तो शहाता कापत सुटला, तो बिशारा रंगवत सुटला, आणि मी गाढवासारखा दोघांच्या मध्ये उभा. तुझ्या लग्नाचा पार विचका केला मी."

"बाबा, सावकाश चालवा."

"लोक थांबलेत."

"थांबू देत. जेवण आहे तिथे."

त्याने वेग कमी केला. डावीकडे समुद्र होता, कट्ट्यावर माणसं बसली होती, भाजलेल्या मक्याचा वास आत येत होता. बाजूच्या गाड्यांतून लोक नवरीकडे बघून हॉर्न वाजवत होते आणि ती राणीसारखा हात हलवत होती. आरशात तिचा चेहरा पाहून बहगतला हसू आलं.

"कुवेतलाही समुद्र आहे म्हणे," ती म्हणाली.

"आहे. पण तिथे बासिमची गाडी नवी असेल."

"गंजेल की."

"गंजेल, गंजेल. वेळ लागतो." त्याने आरशात पाहिलं. "रनीम, तिकडे करमलं नाही तर..."

"तर काय?"

"तर फोनवर उगाच हसून बोलू नकोस. मला कळतं. सरळ सांगायचं. मी काही करू शकणार नाही, पण सांगायचं."

"आणि तुम्ही?"

"मी काय? मी बराच आहे."

"हे बघा. तुम्हीही तसंच करताय."

बहगतने आरशावरची नजर काढून रस्त्यावर लावली. तेवढ्यात वर्कशॉपची गल्लीही आली.

गल्ली ओस पडली होती. गुरुवारची संध्याकाळ, शहाताचं शटर खाली, बिशाराचंही खाली, एका मांजराखेरीज तिथे कोणी नव्हतं. बहगतने स्टिअरिंगवर कपाळ टेकलं.

"या रब्ब! आता यांना कुठे शोधू मी?"

"ते हॉलवर आहेत, बाबा," मागून आवाज आला. "दोघेही. तुम्हीच तर बोलावलंत. शहाता पायऱ्यांपाशी टाळ्या वाजवत होता. मी काचेतून पाहिला त्याला."

बहगतने डोकं वर केलं. "पाहिलास? मग तिथेच सांगायचं नाही का?"

रनीमने हात पुढे केला, दाराच्या काचेपाशी खाली दाबलेली लॉकची खुंटी दोन बोटांनी वर ओढली आणि दार ढकललं. ते थोडं कुरकुरलं आणि उघडलं. बासिमचं दार चिकटलं होतं ते खरं होतं. हे तिने नुसतं आतून लावलेलं होतं.

ती उतरली. घेर गोळा करत, मांजराला चुकवत गाडीला वळसा घालून पुढे आली, आणि खूप दाबादाबी करून बहगतच्या शेजारच्या सीटवर बसली. सगळी गाडी पांढऱ्या कापडाने भरून गेली. बहगत तोंड उघडं ठेवून तिच्याकडे बघत राहिला.

"चला आता," ती समोर बघत म्हणाली. "आणि सावकाश."

बहगतला गिअर दिसत नव्हता. घेराखाली तो कुठेतरी बुडाला होता, आणि डोळ्यांपुढेही सगळं पुसट झालं होतं. त्याने हाताने चाचपून तो शोधला, गाडी वळवली, आणि गल्लीच्या तोंडाशी येऊन हॉलच्या उलट दिशेला लागला.